त्र्याहत्तर किलो

फौजेतून मला वजनामुळे काढलं. हे आज मी सरळ सांगतो. त्या वर्षी मात्र हे एक वाक्य तोंडातून बाहेर पडावं म्हणून माझी बायको चार महिने माझ्या मागे लागली होती, आणि मी गावभर सांगत फिरत होतो की मीच नोकरी सोडली, तेरा वर्षं झाली, खूप झालं.

मला लहानपणापासून चौकशीची खोड. एखादी गोष्ट आपल्याला घेऊन बुडाली तरी ती बुडाली कशी, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे घरी आल्यावर मी दिसेल त्या काट्यावर चढू लागलो. मोताळ्याच्या बसस्टँडसमोरच्या मेडिकलात त्र्याण्णव भरलो. धामणगाव बढ्याला किराणा दुकानात चौऱ्याण्णव. एकदा कापसाच्या जिनिंगवर ट्रकच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो, तर तिथला काटेवाला म्हणाला, "उतरा मेजर, ह्या काट्याले मानूस दिसतच नाई." फौजेत शिपाई असलात तरी गावात तुम्ही मेजरच असता.

माझं वजन वाढलं कसं, हे मला अजूनही नीट उमगलेलं नाही. व्हॉलीबॉल खेळताना गुडघा दुखावला, म्हणून काही महिने मला स्टोअरमध्ये बसवलं. तिथून किलो-किलोनं ते चोरपावलांनी आलं. आधी पट्ट्याचं एक भोक सुटलं, मग दुसरं. मग डॉक्टरांनी मला खालच्या वैद्यकीय श्रेणीत टाकलं, दर सहा महिन्यांनी तपासणी लावली, सकाळची जादा पीटी लावली. लंगरात, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, मी रोट्या मोजून घेऊ लागलो. भात सोडला, साखर सोडली. पीटी घेणारे आमचे उस्ताद माझ्या शेजारी धावायचे आणि धावता धावता म्हणायचे, "बेटा, तू खाता क्या है?" मी तेच खात होतो जे बाकीचे खात होते. माझ्या खाटेशेजारचा एक जवान तर माझ्या दुप्पट खायचा आणि काडीसारखा राहायचा. मी त्याच्याकडे तासन् तास कुतूहलानं बघत बसे. काहींच्या अंगाला लागतं, काहींच्या लागत नाही, हे आपल्याकडे माहीत असतं. पण का, हे कोणी सांगत नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. काही निघालं नाही. मला तर वाटत होतं, निघावा एखादा आजार. आजार असला की माणसाला निदान सांगायला एक नाव मिळतं. मला काहीच झालं नव्हतं, आणि मी पाच किलोमीटर वेळेत धावू शकत नव्हतो. नियम सगळ्यांना ठाऊक होते, मला तीन वेळा लेखी बजावलं होतं. शेवटी इंग्रजीतला एक कागद हातात आला. त्यात मला कळणारी दोनच ठिकाणं होती: माझ्या उंचीला चालणारं वजन त्र्याहत्तर, आणि माझं प्रत्यक्ष वजन एक्क्याण्णव. तो कागद मी काळ्या पेटीच्या तळाशी, स्वेटरच्या खाली घातला आणि गाडी पकडली.

गावात उतरलो तेव्हा पारावरच्या लोकांनी मला बघितलं आणि त्यांचे चेहरे फुलले. "वा मेजर, अंग धरलं! खाल्लं-पेल्लं दिसते फौजेत." तिकडे ज्या पोटाभोवती दर सहा महिन्यांनी टेप फिरायचा, त्याच पोटावर इकडे लोक कौतुकानं हात फिरवत होते. मी हसलो. तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण कौतुक ऐकताना माणूस खरं बोलत नाही, हे मी त्या दिवशी स्वतःवरूनच शिकलो.

बाबा मात्र कौतुक करायला पुढे आले नाहीत. त्यांनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पोतं पाहावं तसं. म्हणाले, "आला? बरं झालं. हातपाय धू."

पोतं पाहावं तसं म्हणालो ते उगाच नाही. माझे वडील तीस वर्षं मोताळ्याच्या धान्य बाजारात मापारी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, दांडी बघायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा पुकारायचा, हे त्यांचं काम. पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत; मग दोन, तीन. शिक्षण चौथीपर्यंत, पण पोत्याकडे नुसतं बघून ते वजन सांगायचे आणि अर्ध्या किलोच्या वर चुकायचे नाहीत. व्यापाऱ्यांनी त्यांना चहा पाजून पाहिला, दम देऊन पाहिला. त्यांचं एकच उत्तर असे, "मापात पाप जमत नाई आपल्याले." लांबलांबचे शेतकरी माझ्या बापाची पाळी येईपर्यंत बैलगाडी सोडून बसून राहायचे. आकडे दाखवणारे बिजलीचे काटे आले तेव्हा बाबांनी काम सोडलं आणि बाजारात मोडीत निघालेला एक लोखंडी काटा घरी आणला. खाली फळी, वर आडवी दांडी, दांडीवर मागेपुढे सरकणारं वजन. तो आमच्या ओसरीवर उभा असे. मी साऱ्या तालुक्यातल्या काट्यांवर चढलो, पण त्या एका काट्यावर चढलो नाही.

असेच चार महिने गेले. मार्चमध्ये सरपंचबाई आणि वस्तीतले तिघे-चौघे घरी आले. आमच्या बौद्ध वस्तीत सत्काराला हार-नारळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. सत्कार करायचा तर वही-पेन द्यायचं, म्हणजे ते पोरांच्या शाळेला लागतं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, कोणा मोठ्या माणसाचा सत्कार असला की त्याची वह्यातुला करतात: जेवढे किलो माणूस भरेल, तेवढे किलो वह्या गाव गोळा करतं आणि शाळेत वाटतं.

सरपंचबाई म्हणाल्या, "औंदा आपल्याच गावचा फौजी वापस आला. मंग बाहेरचा पाव्हना कायले पाह्यचा? औंदा वह्यातुला मेजरची."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ज्या माणसाला वजनासाठी घरी पाठवलं, त्याला सबंध गावासमोर तोलायचं म्हणत होते. मी म्हणालो, मी काही मोठा माणूस नाही. ते म्हणाले, हेच तर मोठेपण. मी म्हणालो, दुसऱ्या कोणाची करा. वस्तीतला एक जण खदखदून हसत म्हणाला, "मेजर, तुमची केली तं वह्या जास्त भेटतीन ना!"

ते गेल्यावर बायको म्हणाली, "आता तरी सांगा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो.

"अहो, मूठ झाकता येते. तुमी पोट झाकून राह्यले."

मला तिचा राग आला, कारण ती बरोबर होती. मला गावाची एवढी भीती नव्हती. गाव आठ दिवस हसतं आणि विसरतं. भीती बाबांची होती. मी भरती झालो तेव्हा बाजारातल्या प्रत्येक अडत्याला त्यांनी स्वतः पेढा नेऊन दिला होता. 'माझा पोरगा' हे दोन शब्द त्यांनी त्या तेरा वर्षांत जेवढ्या वेळा उच्चारले असतील, तेवढे आधीच्या वीस वर्षांत उच्चारले नव्हते. त्या माणसाला 'तुमच्या पोराला परत पाठवलं' हे कसं सांगायचं, याची मी रोज एक नवी रीत शोधत होतो आणि रोज टाकून देत होतो.

तोलायला किराणा दुकानाचा बिजलीचा काटा आणायचं ठरलं होतं, लाल आकडेवाला, सगळ्यांना दिसेल असा. बाबांना कळलं तेव्हा ते एकदम अडून बसले. "बिजली गेली तं? माहा काटा हाय ना घरी. म्या पुकारतो आकडा."

सगळ्यांनी समजावलं. बाबा ऐकेनात. म्हातारा हट्टाला पेटला, लोक म्हणाले, पोराचा सत्कार आहे तर एकदा पुकारू द्या त्याला. मला आश्चर्य वाटलं. बाबांनी कधी स्वतःला पुढे केलं नव्हतं. त्यांना आताच ही हौस का सुचली, हे कोडं मी पुढचे चार दिवस उलगडत बसलो आणि ते काही उलगडलं नाही. ते मात्र ओसरीवर बसून दांडीला तेल देत होते.

जयंतीच्या सकाळी विहारापुढे मंडप टाकला होता. नऊ वाजताच ऊन चटका देत होतं. बाया पांढऱ्या साड्यांत, पोरं पुढे जमिनीवर, एका बाजूला वह्यांचे गठ्ठे. मधोमध बाबांचा काटा. सरपंचबाईंनी माझ्याबद्दल चार शब्द सांगितले, त्यातले तीन खरे नव्हते. मग मला फळीवर उभं केलं.

बाबा काट्याशी आले. मोठं वजन त्यांनी दांडीवर सरकवलं, मग लहान. माझ्याकडे बघितलं नाही. मी खाली मान घालून माझ्या चपलांकडे पाहत होतो. दांडी एकदा हलली. आणि त्यांचा तो बाजारातला आवाज, जो मी लहानपणी पोत्यांवर बसून ऐकला होता, मंडपभर घुमला:

"त्र्याहत्तर!"

टाळ्या पडल्या. मला वाटलं माझ्या कानात काही बिघडलं. आठवड्यापूर्वीच मी चौऱ्याण्णव भरलो होतो. तीस वर्षं ज्याचा अंदाजसुद्धा अर्ध्या किलोवर चुकला नाही, तो माणूस काट्यावर एकवीस किलो चुकेल? आणि चुकून नेमका त्र्याहत्तरवर येऊन थांबेल?

मग लख्ख उमजलं. बाबांना इंग्रजी येत नाही. आकडे येतात. पेटीच्या तळाचा कागद त्यांनी पाहिला होता. दोन आकडे पाहिले होते, एक मोठा आणि एक लहान, आणि पोराकडे बघून मोठा आकडा कोणाचा हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. लाल आकड्यांचा काटा त्यांना नको होता, कारण तो सगळ्यांना वाचता आला असता. त्यांच्या काट्याची दांडी गावात त्यांच्याशिवाय कोणालाच वाचता येत नव्हती. ज्या आकड्यापर्यंत मला उतरता आलं नव्हतं, तो ते मला सगळ्या गावासमोर देत होते.

वस्तीतले दोघे वह्या मोजायला लागले. मी गप्प राहिलो असतो तर झालं असतं. कोणालाच कळलं नसतं, कधीच. फक्त माझ्या बापाच्या तीस वर्षांच्या मापात एक खोटं माप राहिलं असतं, आणि ते माझ्यासाठी. मला रडू आलं, आणि आपल्याला रडू येतंय याचा रागही आला. मी सरपंचबाईंच्या हातातला माईक घेतला.

"थांबा," मी म्हणालो. "दांडी नीट स्थिरावली नव्हती. बाबांना उन्हात दिसलं नसेल. मी चौऱ्याण्णव किलोचा आहे. आणि मी नोकरी सोडली नाही. वजन कमी झालं नाही, धावणं वेळेत झालं नाही, म्हणून मला काढलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

  एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "काय म्हनते थो?"

बाबा पुन्हा काट्याशी वाकले. वजन सरकवलं. या वेळी दांडी स्थिरावेपर्यंत ते थांबले, बाजारात थांबायचे तसे, हात मागे बांधून. मग पुकारलं, "चौऱ्याण्णव." आवाज तेवढाच मोठा होता. आणि मी माईक परत देणार तेवढ्यात ते लोकांकडे वळले.

"दांडी थिरावली व्हती," ते म्हणाले. "मले साफ दिसलं व्हतं. म्या खोटा आकडा सांगतला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि बाजूला जाऊन उभे राहिले.  सरपंचबाई म्हणाल्या, "मंग पाहून काय राह्यले? गठ्ठे वाढवा." गठ्ठे वाढले. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, त्यांना त्या केव्हाही चालतात.

पुढचे पंधरा दिवस गावात एकच विषय होता, आणि तो माझा नव्हता. मला फौजेतून काढलं, याबद्दल कोणी दोन मिनिटंसुद्धा बोललं नाही. पारावर, गिरणीत, मोताळ्याच्या बाजारातसुद्धा लोक एवढंच बोलत होते की त्या मापाऱ्यानं माप खोटं सांगितलं. ज्यांनी कधी काळी त्यांच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तेही हसत विचारत, "काहो, आमचा माल कितीनं मारला व्हता?" बाबा ऐकून पुढे चालू लागत. मला ते ऐकवत नसे.

एका संध्याकाळी मी न राहवून विचारलं. मी त्यांना सांभाळून घेतलं होतं, दांडीवर ढकललं होतं, लोकांनी मानलंही असतं. मग स्वतः होऊन सांगायची काय गरज होती?

बाबा भाकरी मोडत होते. घास तोंडात घालून, चावून, गिळून मग म्हणाले,

"तू खरं बोलून एकटाच उभा व्हता त्या काट्यावर. मंग मले बी यावं लागलं."