हिरवा दिवा आणि नवरदेवाची चावी

“गाडी काहून उघडून नाही राहिली बे?”

नवरीचे मामा लॉनच्या फाटकातून ओरडले. मी त्या वेळी स्टेजवर गिटारच्या खुंट्या पिळत होतो. मामा आणि माझ्यामध्ये तीनशे खुर्च्या आणि एक आइस्क्रीमचा स्टॉल होता, तरी आवाज असा आला की माझ्या तारा हलल्या आणि ट्यूनरच्या पडद्यावर क्षणभर ‘एफ’ उमटला. थोडा चढा होता. मामांना सूर नव्हता, पण ताकद होती.

गाडी का उघडत नाही हे त्या अख्ख्या लग्नात एकट्या मला ठाऊक होतं. गाडीच्या चावीतला सेल माझ्या ट्यूनरमध्ये होता.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही मला चोर म्हणाल. अमरावतीत वीस वर्षं माझी ख्याती अशी की बडनेऱ्याला इंजिनानं शिट्टी मारली तर ती किती श्रुती उतरलीय हे मी राजकमल चौकात चहा पिता पिता सांगतो. ही ख्याती मीच पसरवली होती. खरं असं की मला कानानं तार लावता येत नाही. जराही नाही. दोन तारा एकत्र छेडल्या तर त्या एका सुरात आहेत की भांडून राहिल्या आहेत, हे मला आजही कळत नाही. माझं सगळं गिटारच्या डोक्याला चिमट्यासारख्या लागणाऱ्या त्या छोट्या यंत्रावर, म्हणजे ट्यूनरवर चालतं. तार छेडली की लाकूड थरथरतं आणि यंत्र अक्षर दाखवतं. लाल दिवा हिरवा झाला की सूर लागला. मी ते गिटारच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लावतो. कोणी विचारलंच तर सांगतो, ते आवाज वाढवायचं आहे.

शिवाय मी नेहमीच्या तारांवर थांबणारा माणूस नाही. तीन तारा एकेक सूर खाली आणल्या की गिटार मोकळीच सा-प-सा-म-प-सा बोलते. बोट न ठेवता तानपुरा वाजतो आणि वर आपण थोडं इकडेतिकडे केलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं, काय तयारी आहे. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पहिली तार ‘ई’ची ‘डी’ करायची होती. यंत्र फक्त अक्षर दाखवतं, वरचा ‘डी’ की खालचा, हे सांगत नाही. मी खुंटी वर पिळत गेलो. तार अशी तुटली की समोरच्या कॅलेंडरमधला श्रावण मधोमध फाटला. त्या वर्षी आमच्या घरी श्रावण पाळलाच गेला नाही.

तर हे लग्न अकोल्यातलं, बायपासवरच्या लॉनमध्ये, भर दुपारचं. नवरदेव मोर्शीचा, संत्र्यावाल्यांच्या घरचा. वाजवणारे आम्ही दोघंच: मी, आणि अकोल्याचे चाचा. चाचा शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि पेटी अशी वाजवतात की समोरचं मशीनही अंगावर रोमांच आल्यासारखं थरथरतं. वीस वर्षं आमची जोडी आहे. नवरीनं स्वतः येऊन चाचांना एकच मागितलं होतं: माझी गाडी निघेल तेव्हा ती तुमची पाठवणीची धून वाजली पाहिजे, पेटी आणि गिटार दोन्हीवर. तिच्या वडिलांनी मला तेच तीनदा बजावलं.

आणि सकाळी मी ट्यूनर लावला तर पडदा काळा. सेल गेला. आसपास घड्याळाचं दुकान सोडा, पानटपरी नाही. फक्त एक पेट्रोल पंप आणि ऊन. तेव्हा मला नवरदेवाच्या नव्या गाडीची चावी आठवली, कारण त्यातही रुपयाएवढा तसाच सेल असतो. चावी नवरदेवाच्या परतवाड्याच्या दोस्ताकडे होती. त्याला मी सांगितलं, अकोल्याच्या उन्हात गिटारच्या तारा वितळतात, मागच्या वर्षी माझ्या दोन तारांचं पाणी झालं, दहा मिनिटं गाडीच्या एसीत ठेवू दे. त्या भल्या माणसानं चावी दिली. मी खरंच दहा मिनिटं गिटार घेऊन एसीत बसलो, म्हणजे अगदीच खोटं बोललो असं नाही. मग बाहेर आलो, बटन दाबून गाडीला कुलूप लावलं, तारा छेडायच्या पिकच्या टोकानं चावी उघडली, सेल काढून घेतला आणि रिकामी चावी दोस्ताला परत दिली. पाठवणीच्या आधी परत घालणार होतो.

पण मोर्शीवाल्यांना उजेडात घरी पोचायचं होतं. पाठवणी तासभर आधीच निघाली. माझी सहावी तार उतरवून झाली होती, दुसरी आणि पहिली बाकी होती, तेवढ्यात मामा ओरडले.

तिकडे नवरी रडायची थांबली होती. फुलं लावलेली गाडी ढिम्म. मामा त्या दोस्ताला विचारत होते, चावी कढीत पाडली काय. तो बिचारा आईची शपथ घेत होता. मग त्यानं बोट सरळ स्टेजकडे केलं आणि म्हणाला, “गिटारवाल्या भाऊंकडे दिली होती मी, दहा मिनिटं.”

तीनशे माणसं माझ्याकडे वळली.

सेल दिला तर दोन तारा तशाच राहतात आणि नवरीची धून बेसूर होते, वीस वर्षांची ख्याती बायपासवर सांडते. नाही दिला तर नवरीच जात नाही. मी ट्यूनरमधला सेल काढून मुठीत घेतला आणि खाली उतरलो. चावी मागितली, पाठ फिरवून उघडली, सेल बसवला, बंद केली. मग सगळ्यांसमोर चावी कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणालो, यंत्रालाही सूर असतो, उतरला होता. बटन दाबलं. गाडीनं चारही डोळे मिचकावले. मोर्शीकडे आज असं सांगतात की अमरावतीच्या एका माणसानं शिट्टी वाजवून गाडी उघडली. मी कधी दुरुस्त केलं नाही.

स्टेजवर परत आलो तर यंत्र काळं. चाचांनी पेटीवर सा धरला होता आणि माझ्याकडे पाहत होते. मी दोन्ही खुंट्या अंदाजानं सैल केल्या, कान लाकडाला टेकवून, मोठे उस्ताद करतात तशा गंभीर चेहऱ्यानं. कुठं थांबायचं ते कळेना, म्हणून मान दुखल्यावर थांबलो. धून सुरू झाली. चाचांनी त्या दिवशी भाता असा ओढला की मांडवाच्या झालरी पुढेमागे व्हायला लागल्या. नवरी रडली, तिचे वडील रडले, मामा तर पुन्हा ‘एफ’मध्ये रडले. गाडी धूळ उडवत गेली.

मला वाटलं, चला, लोकांना कंठ फुटतो तसा आपल्याला कान फुटला. या वयात का होईना.

नंतर आम्ही दोघं मंडपाच्या मागे चहा घेत बसलो. एवढं झाल्यावर चाचांपासून लपवणं मला बरं वाटेना. म्हणालो, “चाचा, एक सांगतो. मले कानानं तार लावता येत नाही. आज नाही, कधीच नाही.”

चाचांनी बशीतला चहा संपवला.

“मालूम हाय,” ते म्हणाले. “म्हणून तर वीस वर्षांपासून पेटी जोरानं वाजवून राहिलो.”