मानेबद्दल विचारा

मुलांनो, तुमचे आजोबा गेले तेव्हा फोनवर मी "शांतपणे गेले" एवढंच सांगितलं. ते खरं नव्हतं. दीड महिना झाला, आता खरं लिहिते.

जिभेच्या कडेची कर्करोगाची जखम छोटी होती. सर्जननं तेवढा भाग काढला; तपासणीत मानेत काही दिसलं नाही, म्हणून मानेला हात लावला नाही. त्याच वेळी नसरीन आली, शहागंजातली, संशोधन करणारी मुलगी. काढलेल्या तुकड्यातली काही प्रथिनं मोजून कर्करोग मानेत पसरेल का, हे आधी ओळखता येतं का, यावर तिचं काम. तिला नमुना हवा होता. आजोबा बोबडं हसले. "घे बेटा. माझ्या तोंडात होता तोवर लई बोलला, आता तुझ्यासाठी बोलू दे."

संमतीपत्र मी भरलं. 'निष्कर्ष कळवावा का?' यापुढे 'नको'वर खूण केली. पोरीला उगाच हेलपाटा कशाला...

तेराव्याला नसरीन रडत म्हणाली, "आजी, प्रथिनं वाढलेली होती. पण तुम्ही 'नको' लिहिलं होतं." म्हणून तेव्हाच ती सर्जनकडे गेली होती. हे अजून सिद्ध नाही, पण मान पुन्हा बघावी, असं तिनं सुचवलं. तो हसला, आणि आम्हाला तीन महिन्यांनी बोलावलं. तोवर जबड्याखाली आवळ्याएवढी गाठ आली होती.

आजोबा वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. पण ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि तो दोघांनी हिरावला. त्यातली एक मी. माझं मी बघेन. त्याला मात्र सोडणार नाही. त्याला मी आता अहो-जाहोही करत नाही.

दर मंगळवारी त्याच्या ओपीडीबाहेर जाऊन बसते. पेशंटच्या बायकांना सांगते, मानेबद्दल विचारा, कागदावर 'कळवा' लिहा. खुलताबादची एक म्हणाली, "डॉक्टरला उलट कसं विचारावं, आजी?" मी म्हटलं, मीही असंच म्हणत होते.

परवा तो बाहेर आला. "मॅडम, पेशंट घाबरतात. किती दिवस बसणार?"

"तू रिटायर होईपर्यंत."

माफी मला नकोच. दार उघडेल तेव्हा समोर प्रश्न विचारणारी बाई दिसावी, दर मंगळवारी.

एसटीत आजोबा माझ्यासाठी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. तोच रुमाल मी शेजारच्या खुर्चीवर ठेवते. नवी बाई आली की उचलते. "बसा. मानेबद्दल विचारलंत का?"