देशकर सरांनी पाहिलेली स्थळं

देशकर सर कुठल्याही जिममध्ये गेले की आधी माणसांशी बोलत नसत, फरशीशी बोलत. बूट काढायचे, मोज्यांवर कोर्टाच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं आणि चेंडू आपटत फूट-फूट पुढं सरकायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. बाजारात मडकं घेताना बायका टिचकी मारून कान देतात ना, तसं. लाकडी फरशीवर एखाद्या जागी चेंडू जरा कमी उसळला की थांबायचे, पायानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, "इथं मेलंय." मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेच चाललं होतं. माझा नोकरीचा पहिला दिवस. ओला मॉप हातात धरून मी पाऊण तास उभा. पुसावं तर ते मध्ये, न पुसावं तर पहिल्याच दिवशी कामचुकार ठरायची भीती. शेवटी धीर करून विचारलं, "सर, पुसू का?" तर म्हणाले, "थांब ना बे. मी पेशंट तपासून राहिलो, अन् तू त्याला अंघोळ काय घालतो?"

अमेरिकेतल्या मिनेसोटातलं लहानसं कॉलेज, ईडन प्रेरीहून दीड तासावर, चारी बाजूंना मक्याची शेतं. सर तिथं मुलींच्या बास्केटबॉल टीमचे कोच होते. मूळचे नागपूरचे, तिथं स्वतः खेळलेले. इकडं शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायला आले आणि राहिले. आमच्या भागातली बाकी मराठी मंडळी डॉक्टर नाही तर इंजिनिअर. गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "ते बॉलचं ठीक आहे हो देशकर, पण दिवसा काय करता?" सर मोदक खाता खाता शांतपणे सांगायचे, "दिवसा पण हेच."

मी मिरजेचा. आठवीतून शाळा सोडलेली. एका डॉक्टरांच्या म्हाताऱ्या वडिलांची सेवा करायला म्हणून त्यांच्याबरोबर अमेरिकेत आलो, आणि दोन वर्षांत म्हातारबाबा गेले. आता याचं काय करायचं, असा प्रश्न डॉक्टरांच्या घरात दबक्या आवाजात चालू झाला, तो मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. सरांनी मला गणपतीच्या पंक्तीत वाढताना पाहिलं होतं. एवढ्या ओळखीवर त्यांनी मला जिममध्ये लावून घेतलं. फरशी पुसायची, चेंडूंत हवा भरायची, टीमचे कपडे धुवायचे. पुढं कॉलेजनं माझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, आणि त्या अर्जाला सरांचं पत्र जोडलं होतं: हा माणूस मला लागतो. माझं सगळं त्या एका पत्रावर उभं होतं. सर गेले तर नव्या कोचला मी कशाला लागणार? तो आपला माणूस आणेल. म्हणून या माणसाचं माझ्यावर जेवढं ऋण आहे, तेवढाच त्यानं माझा जीव खाल्ला आहे, हे दोन्ही मला एकाच दमात सांगावं लागतं.

कारण दर मार्चमध्ये सरांना स्थळं यायची. हंगाम संपला की देशभरातली कॉलेजं नवे कोच शोधायला लागतात. सरांच्या मुली जिंकत, त्यामुळं फोन येत. सर त्याला जॉब म्हणतच नसत, स्थळच म्हणत. "ओहायोचं स्थळ आलंय, बघून येतो." घरी मालतीकाकू खोके बांधायला घेत, कारण दर वेळी सर उत्साहानं जात आणि जमल्यासारखंच बोलत परत येत. मग आठवड्यानं नकार. ओहायोला का नाही म्हणाले? तर तिथल्या अध्यक्षांनी फार कौतुक केलं. "एवढं गोड बोलतात म्हणजे नक्की काहीतरी लपवून राहिले." आयोवाला का नाही? तर तिथल्या मुली जेवताना एकेकट्या बसतात. विस्कॉन्सिनला? फरशी तीन ठिकाणी मेलेली, आणि तिथं कुणालाच पत्ता नाही! पाच वर्षं दर मार्चला मी ते खोके बांधू लागलो आणि दर एप्रिलला सोडू लागलो. काकू कात्रीनं दोरी कापत म्हणायच्या, "अहो, तुमचं लग्न कसं झालं हो? माझ्यात काहीच खोट सापडली नाही का?"

"सापडली ना. पण तवर तुझ्या बापानं हॉल बुक केला होता."

मी वरवर काकूंच्या बाजूनं चिडायचो. आणि खोलीवर गेलो की देवापुढं चिमूटभर साखर ठेवायचो.

चांगलं स्थळ कसं ओळखावं याचं सरांचं शास्त्र पक्कं होतं. "पगार बघू नये. तो हुंड्यासारखा असतो, जास्त देतात म्हणजे कुठंतरी खोट आहे." "आधीची का गेली ते बघावं. सून रडत गेली की पळत गेली?" "दीडशे मैलांत उंच पोरी किती? शेतकऱ्याच्या असल्या तर सोन्याहून पिवळं. वासरू धरणाऱ्या हातातून बॉल सुटत नाही." आणि सगळ्यांत मोठा प्रश्न पंगतीचा. सरांच्या नागपूरच्या घरी कार्य असलं की पुरुषांची पंगत आधी बसायची, बायकांची नंतर. त्यांची आई दुपारी चार वाजता निवलेला भात आणि भांड्याच्या तळाचं वरण खायची, ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. "कॉलेजात पण दोन पंगती असतात, शंकर. पोरांची प्रॅक्टिस चारला, पोरींची पहाटे सहाला. पोरांना नवे बॉल, पोरींना त्यांचे उतरलेले. पोरांचे कपडे आधी धुणार, पोरींचे उरल्या वेळात. मला पहिल्या पंगतीचं स्थळ पाहिजे. बाकी त्यांचं त्यांनाच राहू द्या."

आमच्याकडे दुसरी पंगत होती. लॉन्ड्रीत मीच होतो, मला न कळून कसं चालेल? सर दर वर्षी ऑफिसात जाऊन भांडत आणि एखादी वाटी वाढवून आणत. एका वर्षी नवे चेंडू. एका वर्षी व्हॅनला चालणारा हीटर.

हे सगळं इंटरव्ह्यूत विचारून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. "पोरगी तिरळी आहे असं पोरीचा बाप सांगतो का? चौकशी शेजारीपाजारी करायची असते." म्हणून ते मला बरोबर नेत. वर ते साहेबांबरोबर कॉफी पिणार, खाली मी तिथल्या लॉन्ड्रीत जाणार आणि कपडे धुणाऱ्या माणसाशी गप्पा मारून पंगत कितवी ते काढणार. माझी नोकरी जाईल की राहील ते ठरवणारी चौकशी, आणि करायची मीच! हे त्यांच्या लक्षातच येत नसे. चिडून भिंतीवर डोकं आपटावं असं मला वाटायचं.

पंच्याऐंशी साली टेक्सासचं स्थळ आलं. काकूंनी फ्रिजवर टेक्सासचा नकाशा लावला. मिनेसोटाच्या थंडीनं त्यांचे गुडघे धरत, लायब्ररीतल्या नोकरीवर जाताना त्या बर्फातून भिंत धरून चालत. कॉलेजनं विमानाचं तिकीट पाठवलं. सरांनी ते कॅन्सल केलं. "विमानातून वाटेतल्या पोरी दिसत नाहीत." दोन दिवस आम्ही ड्राइव्ह करत गेलो. ओक्लाहोमात एका गॅस स्टेशनच्या गल्ल्यावर एक उंच मुलगी होती. सरांनी तिला विचारलं, तुझी उंची किती, आणि तुला धाकटी बहीण आहे का? आतून तिचा बाप आला. सर त्याचीही उंची विचारत होते. मी त्यांना दंड धरून गाडीत बसवलं.

टेक्सासच्या लॉन्ड्रीत रूबेन नावाचा मेक्सिकोहून आलेला माणूस होता. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. तो म्हणाला, अध्यक्ष बायकोला घेऊन मुलींच्या प्रत्येक गेमला येतात. आधीची कोच आईच्या आजारपणामुळं गेली, जाताना रडली. धुताना मुलींचे कपडे आधी, कारण त्यांची प्रॅक्टिस आधी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, इथं अजून एखादा माणूस लागेल का? रूबेन हसला. "माझा मेहुणाच तीन वर्षं थांबलाय."

गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "बोल. पंगत कितवी?"

माझ्या डोळ्यांपुढं ते पत्र होतं. मी म्हणालो, "दुसरी, सर."

सर ओक्लाहोमा येईपर्यंत रेडिओची बटणं फिरवत राहिले. मग म्हणाले, "वर तर लय चांगले वाटले बे. फसलो असतो." घरी येऊन त्यांनी नकार कळवला. काकूंनी नकाशाची नीट घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

पुढचे दोन हिवाळे बर्फ पडला की मी जिमला जायच्या आधी सरांच्या दारातला बर्फ काढायचो. काकू खिडकीतून म्हणायच्या, "सोन्यासारखं पोरगं!" आणि त्या वाक्यागणिक फावडं जड व्हायचं. मधल्या मार्चमध्येही स्थळं आली. मी आजारी असल्याचं सांगून चौकशीला गेलो नाही. सर एकटे गेले आणि एकटेच नकार देऊन आले.

मग सत्याऐंशीच्या जानेवारीत माझे ग्रीन कार्डाचे कागद आले. काकूंनी शिरा केला. मी पहिला घास घेतला. चमचा ठेवला आणि टेक्सासचं सगळं सांगून टाकलं. रूबेन, अध्यक्षांची बायको, मेहुणा, सगळं.

"दोन हिवाळे, शंकर?" काकू म्हणाल्या. "दोन?"

सरांनी मात्र शिऱ्याची बशी बाजूला सारली. मला वाटलं, आता उठतील आणि कानाखाली देतील. मला ती हवी होती. तर हा माणूस म्हणतो, "चूक माझी आहे. अडलेल्या माणसाला चौकशीला पाठवायचं नसतं."

"तुमची कसली चूक?" काकू उसळल्या. "चूक ह्याची! तुम्ही ह्याला नेलंत ती तुमची वेगळी. दोघांनी वाटून घेऊ नका!"

मला वाटलं, विषय संपला. पण तो देशकर सरांचा विषय होता. मार्च उजाडला, मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीच्या जवळचं एक स्थळ आलं, आणि सर जिममध्ये येऊन म्हणाले, "गाडीत बस. जायचंय."

"सर, मला नका नेऊ. माझा काय भरवसा?"

"आता तुला कुणाच्या पत्राची गरज नाही. आता तू खोटं बोलायचं कारणच नाही. तुझ्याइतकी लॉन्ड्री कळते कोणाला?"

मी मॉप बादलीत टाकला आणि बाहेर आलो. मागच्या सीटवर काकू आधीच बसल्या होत्या, शालीत गुंडाळून, पायावर पर्स. "या वेळी मी येणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोघांवर मी काही सोडत नाही."

तिथल्या लॉन्ड्रीत डोरोथी नावाच्या वयस्क बाई होत्या. दोन मशिनं शेजारी शेजारी, एक मुलांचं, एक मुलींचं, दोन्ही एकाच दिवशी आणलेली. प्रॅक्टिसची वेळ एक आठवडा यांची आधी, एक आठवडा त्यांची. आधीच्या कोच निवृत्त होऊन रस्त्यापलीकडच्या घरात राहत होत्या आणि अजून गेमला येऊन रेफरीवर ओरडत होत्या. कागद हातात होते, तरी मी तिथं अर्धा तास खोट शोधत होतो. सर गेले तर जिममध्ये मला नावानं हाक मारणारं कोण उरणार? सहा वर्षांत त्या गावात माझ्याशी मराठी बोलणारी दोनच माणसं होती. पण खोट काही सापडली नाही. डोरोथीबाईंनी मला एक बिस्कीटही दिलं.

सर बाहेर आले, बूट घालत. आत फरशी तपासून झाली होती. "एकच जागा मेलेली आहे, आणि त्यांनी ती स्वतःच दाखवली," असं म्हणत गाडीत बसले. किल्ली फिरवली नाही. "बोल."

"पहिली पंगत, सर."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही हो म्हणा."

त्यांनी किल्लीवरचा हात काढला. "अन् तुझं काय बे?"

"माझं तिथं बरं आहे," मी म्हणालो. हे पुरतं खरं नव्हतं, पण ती चौकशी कुणी मला सांगितली नव्हती.

मागून काकूंनी माझ्या खांद्याला पर्स टोचली. "ए शंकर. ह्या मॅसॅच्युसेट्सात बर्फ पडतो का रे?"

मी डोरोथीबाईंना तेही विचारून ठेवलं होतं. सरांनी आरशात माझ्याकडं पाहून बारीक मान हलवली, सांगू नको म्हणून.

"पडतो, काकू."

"किती?"

"आपल्याकडं पडतो तेवढाच."

काकूंनी शाल डोक्यावरून घेतली आणि सीटला टेकून डोळे मिटले. "काढा गाडी," त्या सरांना म्हणाल्या. "निदान ह्यानं तरी खरं सांगितलं."