दारातला फोटो

मला एचआयव्ही आहे, हे धाराशिवच्या आमच्या वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती. मुलीला बघायला जळकोटचे पाहुणे यायचे होते आणि नेमक्या आदल्या सकाळी एचआयव्हीवाल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ताई मोबाइल घेऊन दारात उभ्या राहिल्या.

एरवी त्या दवाखान्यातच भेटत. गोळी चुकू नये म्हणून त्यांनी माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. त्या ॲपवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता म्हणे घराचं ठिकाण नोंदवायचं, तेही फोटोसकट.

"यात तुमचं नाव दिसत नाही, नुसता नंबर असतो," ताई म्हणाल्या.

"नाव कशाला लागतंय? घर दिसतंय की!" मी दबक्या आवाजात खेकसले.

तोवर त्यांनी फोटो काढलाही. शेजारणीनं ते पाहिलं.

"घरकुलाचा फोटू व्हय?" ती ओरडली.

आमच्याकडे मोबाइल घेऊन दाराचे फोटो काढायला येतात ते घरकुलवालेच. बघता बघता सगळी गल्ली लोटली. "ताई, माझं बी पत्र्याचं हाय, घ्या की!" कुणी गळके पत्रे दाखवायला ताईंना हात धरून ओढलं. खरं सांगायची सोय नव्हती. ताई मुकाट्यानं एकेका दाराचे फोटो काढत सुटल्या. मला हसू आवरेना.

मग समोरच्या घराकडे लक्ष गेलं. घरकुलासाठी त्या बाईनं नगरपालिकेचे उंबरे झिजवले होते. पण ती बाहेर आलीच नव्हती. दार लोटून फटीतून ती माझ्याकडे बघत होती.

म्हणजे ताई कुठून आल्या हे तिला माहीत होतं. कसं माहीत? तिलाही गोळ्या चालू होत्या, की माझंच कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांतली एक बाई चौकशीला नेमकी तिच्याच दारात गेली. "माणसं कशी हाईत वो?" मी दाराआडून कान टवकारले.

"लई चांगली," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

लग्न ठरलं. आम्ही अजून समोरासमोर राहतो. ती चांगुलपणानं बोलली की मी तिचं सांगेन या भीतीनं, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. तिनं उत्तर दिलं, तर मलाही माझं सांगावं लागेल.