राखाडी बुरशी

मुख्तारभाईंनी बावीस वर्षं वेरूळच्या लेण्यांत फ्रेंच पाहुणे फिरवले. भाषा ते अर्धी विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले आणि अर्धी पाहुण्यांच्या तोंडून. डोंगर वरून खाली कसा कोरत आणला, हे सांगताना त्यांना शब्द शोधावा लागत नसे. म्हणून एका वाइन कंपनीच्या अभयनं दुभाष्याचं काम विचारलं, तेव्हा ते लगेच हो म्हणाले. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातले एक जाणकार, एतिएन, जवळच्या कन्नड तालुक्यातले द्राक्षमळे बघायला येणार होते. ज्यानं दारूला कधी बोट लावलं नाही तो वाइनच्या गोष्टी सांगणार, म्हणून त्यांची बायको सगीरा दोन दिवस हसत होती.

फेब्रुवारीचा महिना होता. आभाळ तीन दिवसांपासून भरलेलं, सकाळी धुकं. गाडीत एतिएन आपल्या खोऱ्याबद्दल बोलत होते. तिकडं एप्रिलमध्ये दव गोठून कोवळे कोंब जळतात, मग वेलींच्या ओळींमधून शेकोट्या पेटवाव्या लागतात. नदीच्या कुशीतल्या मळ्यांना थंडी जरा कमी झोंबते. शेनँ नावाच्या एकाच पांढऱ्या द्राक्षाची तिथं कोरडी वाइन होते, गोड होते आणि फेसाळतीही होते. मुख्तारभाईंना ऐकायला मजा वाटत होती.

गाडी कडुबाआप्पांच्या मळ्यावर थांबली. त्यांच्या तीन एकरांत तीच शेनँ होती. तोडणी सुरू व्हायची होती, वीस बाया कात्र्या घेऊन बांधावर बसल्या होत्या. आप्पांनी एक घड वर करून दाखवला. मधल्या मण्यांवर बारीक लव आली होती.

एतिएननी घड हातात घेतला आणि बराच वेळ बोलले. मुख्तारभाईंना निम्मे शब्द नवे होते. त्यांना एवढं समजलं की लुआरच्या एका उपनदीकाठी सकाळी धुकं आणि दुपारी ऊन पडलं की शेनँवर बुरशी येते, तिला ते लोक खानदानी म्हणतात. मणी सुकतात, साखर वाढते आणि तिची गोड वाइन फार मोलाची असते. शेवटी एतिएन वर बघून म्हणाले, इथं मात्र नुसतं राखाडी. मुख्तारभाईंना वाटलं, ते आभाळाविषयी बोलतायत.

"साहेब म्हणतात, ही बुरशी चांगली आहे, आप्पा. हिच्यानं गोडी वाढते."

"मंग तोडायचं नाय?"

"थांबा."

आप्पा क्षणभर घडाकडं बघत राहिले. मग त्यांनी बायांना शेजारच्या मळ्यात अद्रक काढायला जायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर, वेरूळ जवळ आल्यावर, एतिएननी सहज विचारलं, त्या बाया तर गेल्या, आप्पांकडं दुसरी माणसं आहेत ना, पावसाआधी सगळं तोडून होईल? मुख्तारभाईंनी तो राखाडीचा विषय पुन्हा काढला. एतिएननी सावकाश समजावलं. राखाडी म्हणजे त्याच बुरशीचं वाईट रूप. इथल्या अशा बिनउन्हाच्या ओल्या हवेत ती मणी सुकवत नाही, सडवते. पाऊस पडला तर मळा गेला.

आप्पांचा फोन लागेना. चार वेळा लावला. मुख्तारभाईंनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. एतिएनना काय झालं ते खरं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. रस्ताभर मुख्तारभाई काचेतून ढग बघत होते. मनात एकच विचार होता, हे आप्पांना कोणत्या तोंडानं सांगायचं.

मळ्यात आप्पा पाइप गुंडाळत होते. मुख्तारभाई गाडीतून उतरून सरळ त्यांच्यापुढं उभे राहिले.

"आप्पा, चूक माझी आहे, साहेबांची नाही. ही सडवणारी बुरशी आहे. आजच तोडायला पाहिजे. मला त्यांचं बोलणं कळलं नव्हतं."

आप्पांनी पाइप खाली ठेवला.

"मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "पण एवढ्या लांबचा माणूस सांगतोय, मंग मी गप बसलो."

त्यांची बायको लक्ष्मीबाई मागं उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं दोघांकडं एकदा बघितलं आणि पदर खोचून अद्रकीच्या मळ्याकडं निघाली. तिथला मालक बाया सोडायला तयार नव्हता. हातापाया पडून तिनं अकराजणी आणल्या. मुख्तारभाईंनी बाह्या वर केल्या. चांगला घड क्रेटमध्ये, बुरशी लागलेला बाजूला, असं एतिएननी हातानं दाखवलं आणि स्वतः पुढची ओळ धरली. कोणी जेवलं नाही. मुख्तारभाईंच्या अंगठ्याला कात्री लागली, तो फडक्यानं बांधून ते पुढं सरकले. पावणेपाचला पहिले थेंब पडले, तेव्हा दोन एकर तोडून झाले होते. उरलेला एकर भिजला आणि चार दिवसांत सडून गेला.

अभयला मुख्तारभाईंनी स्वतःच फोन करून सांगितलं. बाकीच्या दौऱ्यासाठी कंपनीनं पुण्याहून दुसरी दुभाषी बोलावली, त्यावर त्यांनी कुरकुर केली नाही. आठवडाभर सगीराशीही ते धड बोलले नाहीत. मग त्यांनी एतिएनना पत्र लिहिलं, वेलीचे, बुरशीचे, हवेचे शब्द विचारले. उत्तरं येत गेली. पावसाळाभर ते पाठांतर करत बसायचे.

पुढच्या वर्षी एतिएन पुन्हा येणार म्हटल्यावर कडुबाआप्पांनी अभयला निरोप धाडला, की माझ्या मळ्यात मुख्तारभाईच पाहिजेत, चुकलं तर ते परत तरी येतात.

एतिएन मळ्यात आले त्या दिवशी मुख्तारभाईंनी प्रत्येक वाक्य तीन-तीनदा विचारलं. एतिएन वैतागले. आप्पा मात्र शांतपणे कात्री हातात धरून थांबले होते.