माझ्याच गोदामातला मोफत सल्ला

वाळल्या लाल मिरचीचा ठसका लागला की मला ते शिबिर आठवतं. गावात फुकट कायदेशीर सल्ला द्यायला बुलढाण्याहून वकील येणार होते आणि त्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून मी माझं मिरचीचं गोदाम झाडून दिलं. चहा माझा, सतरंज्या माझ्या. भोंग्यावरून मीच ओरडलो, "बायाहो, लाजू नका! मनातलं सारं वकीलबाईले सांगा." शिंकून शिंकून डोळे लाल झालेल्या त्या तरुण वकीलबाईंसमोर सगळ्यांत आधी जाऊन बसली ती माझी सख्खी बहीण. माहेरी आली होती, सकाळपासून चहा वाटत होती. पदर सारखा करत ती म्हणाली, "बापाच्या वावरात मले हिस्सा पाहिजे." माझं डोकंच फिरलं. "काऊन वं? माह्याच गोदामात बसून माह्यावरच उलटली?" ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, तूच तं म्हनला, लाजू नका." मी वकीलबाईंना बाजूला घेतलं आणि बहीण देते त्याच्या दुप्पट फी देतो म्हणालो. त्या नाक पुसत हसल्या. "भाऊ, त्यांच्याकडून मी काहीच घेत नाही. त्याची दुप्पट किती होते?" जन्मभर सौदे केले, पण जिला काही नकोच तिच्याशी घासाघीस करायची कशी? शेवटी विहिरीकडचा तुकडा बहिणीला गेला. आता तिथली मिरची भरून तिची गाडी माझ्या दारावरून दुसऱ्या आडत्याकडे जाते आणि ठसका मला लागतो. एकदा विचारलं असतं, तर भाव मीच जास्त दिला असता.