नऊ ग्रॅमचं चॉकलेट

गेल्या हिवाळ्यात साखर कमी करायची म्हणून मी तीन महिने रोज एक अख्खं चॉकलेट खाल्लं.

हे वाक्य बायकोसमोर मी निरनिराळ्या तऱ्हांनी मांडून पाहिलं आहे. कसंही मांडलं तरी ते असंच दिसतं, म्हणून इथे सरळ लिहून टाकलं.

त्याचं झालं असं. डिसेंबरात डॉक्टरीणबाईंनी माझा रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि साखर काठावर आहे, अजून पलीकडे गेलेली नाही, असं सांगितलं. गोड आवरा, चालायला जा आणि मार्चमध्ये तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी पुन्हा करा. मार्च म्हणजे नेमका आंब्याचा महिना. मार्चमध्ये माझा मेव्हणा पावस गावातल्या बागेतली हापूसची पहिली पेटी आमच्या भाटे गावातल्या घरी घेऊन येतो. वर्षाचे उरलेले महिने मी त्या पेटीसाठीच काढतो. बायकोने घरी येताना रिक्षातच निकाल दिला. आकडा उतरला तर रोज एक आंबा, नाही उतरला तर या मोसमात आंबा नाही.

आता मी तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. तोंडी आदेश मला चालत नाही. घरी आल्याबरोबर मी कागद काढला, अटी लिहिल्या, 'सदर आकडा पूर्वीपेक्षा कमी आल्यासच' वगैरे भाषा घातली आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. बायकोने तो कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे अडकवला. सगळं माझ्याच अक्षरात होतं, हे पुढे फार नडलं.

मग मी घरातल्या गोडाची छाननी सुरू केली. आंबापोळी, फणसपोळी, नारळाच्या वड्या, सगळे डबे ओट्यावर मांडले. कशावरच काही छापलेलं नव्हतं. यात साखर किती, असं विचारलं तर बायको म्हणाली, "मी घातली तेवढी." हे काही उत्तर झालं? ज्याला कागद नाही त्याला माझ्याकडे किंमत नाही. मी सगळे डबे नामंजूर केले.

नेमकी त्याच आठवड्यात मुलगी मुंबईहून आली आणि तळहाताएवढं मोठं चॉकलेट घेऊन आली. मी सवयीने उलटून पाहिलं तर पाठीमागे तक्ता! ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ, सगळं रकान्यांत. इतका नीट आखलेला तक्ता मी कचेरीतसुद्धा क्वचित पाहिला असेल. साखरेच्या ओळीसमोर लिहिलं होतं, नऊ ग्रॅम.

मी तिथेच हिशोब मांडला. दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे सहा चमचे साखर. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर तीस ग्रॅम झाले. चहा बिनसाखरेचा करायचा आणि त्याऐवजी रोज एक चॉकलेट खायचं, नऊ ग्रॅम. एकवीस ग्रॅम रोखीने वाचतात. शिवाय प्रथिनं वर मिळतात.

बायकोने चॉकलेट हातात घेऊन जरा वरखाली केलं. नारळाच्या वड्या थापण्यात तिची पस्तीस वर्षं गेली आहेत, तिच्या हाताला वजन कळतं. ती म्हणाली, "एवढी मोठी वडी आणि साखर नऊच ग्रॅम? मग बाकीचं काय आहे हो?"

"कोको," मी म्हणालो.

"आणि एवढं गोड कशानं लागतं?"

"छापलेलं आहे ते. छापलेल्यावर शंका घ्यायची नसते."

ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा मी लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही चूक माझी सुटत नाही.

पुढचे तीन महिने मी इतक्या शिस्तीत चॉकलेट खाल्लं की काय सांगू. दुपारच्या जेवणानंतर अर्धं, संध्याकाळी बंदराच्या बाजूला फिरून आल्यावर अर्धं. खाल्लं की वेष्टण नखाने सपाट करायचं, भोक पाडायचं आणि फाईलला लावायचं. बाजारातला दुकानदार मला पाहिलं की न विचारता चॉकलेट पुढे करायचा. फिरायला येणाऱ्या मित्रांनासुद्धा मी आपणहून सल्ले दिले. देवाची कृपा, कोणी ऐकलं नाही. जानेवारीत पट्टा एक भोक सैल करावा लागला, तेव्हा बिनसाखरेच्या चहाने वायू धरतो असं मी ठरवून टाकलं.

इथे मेव्हण्याबद्दल थोडं सांगायला हवं. हा बायकोचा थोरला भाऊ. सरळ माणूस, पण एक गोष्ट विसरत नाही. नोकरीत असताना त्याचा एका दाखल्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप असायची, अमुक कागदाची साक्षांकित प्रत जोडावी अशी. ती कोणी वाचत नसे. अशा अर्जांवर मी लाल शाईने लिहायचो, 'टीप वाचलेली नाही. परत.' नातं बाजूला ठेवून मी त्याचा अर्ज तीनदा परत केला. तिन्ही वेळा तो बिचारा पावसहून एसटीने आला आणि गेला. नात्याला टेबलावर जागा नाही म्हणून मी कचेरीत छाती काढून फिरलो. तो काही बोलला नाही. आंब्याची पेटीही कधी चुकवली नाही.

मार्चमध्ये रिपोर्ट आला. आकडा उतरला नव्हता. चढला होता, आणि चांगला सणसणीत.

डॉक्टरीणबाईंनी काय काय खाता म्हणून विचारलं. मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. पिशवीतून फाईल काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि तारीखवार पाहून घ्या म्हणालो. त्यांनी चार-पाच वेष्टणं उलटली. मग एक काढून चष्मा वर केला.

"यातलं रोज किती खाता?"

"एकच. नियमाने."

"एक चौकोन?"

"एक चॉकलेट."

त्यांनी ते वेष्टण माझ्याऐवजी बायकोकडे सरकवलं आणि तक्त्याच्या खाली बोट ठेवलं. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ होती. वरचे आकडे चार चौकोनांचे, म्हणजे एका सर्व्हिंगचे. पाकिटात सर्व्हिंग सहा.

बायकोने पर्समधून चष्मा काढला, ओळ वाचली, ओठांतल्या ओठांत सहा नवे चोपन्न केलं. "म्हणजे सहा चमचे सोडून रोज अकरा चमचे खाल्लेत," ती शांतपणे म्हणाली. तिला राग आला नव्हता. डिसेंबरातल्या प्रश्नाचं उत्तर एकदाचं मिळालं, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

भाट्याच्या पुलावर रिक्षा आली तेव्हा मी विषय काढून पाहिला. चूक वाचनातली आहे, हेतू शुद्ध होता, अटीत अशा प्रसंगासाठी सवलत असायला हवी. ती म्हणाली, कागद तुम्हीच लिहिला आहे. मग मी खाडीकडे पाहत बसलो.

घरी पोचलो तर ओटीवर मेव्हणा, आणि त्याच्या पायाशी पेटी. अजून फळ्यांना खिळे होते तरी वास बाहेर आला होता. बायकोने भावाला पाणी दिलं आणि पेटी उघडता उघडता सगळी हकीकत सांगितली. फाईल, भोकं, कोको, प्रथिनं, काही म्हणजे काही गाळलं नाही. मेव्हणा मान खाली घालून पेंढा बाजूला करत होता. खांदे तेवढे हलत होते.

दोघांचं लक्ष नाही असं पाहून मी कोपऱ्यातलं एक फळ उचललं. देठाशी पिवळं धरलेलं, अंगठ्याखाली जरासं दबणारं. नुसता वास घेण्यावर कुठल्या अटीत बंदी नव्हती.

मेव्हण्याने हात पुढे केला. माझ्या मुठीतून आंबा अलगद काढून घेतला, पेंढ्यात होता तिथे ठेवला आणि म्हणाला,

"भावोजी, टीप वाचलेली नाही. परत."